पोटुशीच्या वाट्याची कलेजी

अम्मा, तू गेलीस तेव्हा मी व्हेटर्नरी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होते. म्हणजे मी डॉक्टर झाले हे तुला ठाऊक नाही, माझा निकाह झाला हे ठाऊक नाही, आणि मी ओमानात, सोहारला येऊन बैलांच्या खाण्यापिण्यावर आपलं पोट भरते, हे तर तुला सांगितलं असतं तरी पटलं नसतं. 'जनावराला काय घालायचं ते शिकायला पाच वरसं?' असं तू मी कॉलेजात निघाले तेव्हाच विचारलं होतंस. आता त्याहून हसशील असं सांगते. माझं काम बैलाचं मांस मऊ करायचं आहे. शिजवून नव्हे, बैल जिवंत असताना, त्याच्या दाण्यातून. तू जे कच्च्या पपईच्या दोन फोडींनी करायचीस, त्यासाठी इथे मला पगार मिळतो, वर घरभाडं मिळतं आणि वर्षातून एकदा रत्नागिरीला येण्याजाण्याचं तिकीट मिळतं. पण हे सगळं सांगायला मी बसलेली नाही. मी एकदा फार घाबरले होते, ते सांगायचं आहे. ती भीती अजून पुरती गेलेली नाही, आणि ती ज्या दिवशी सुरू झाली तो दिवस एका अर्थी तुझाच होता.

तुझं स्वयंपाकघर मला आजही जसंच्या तसं दिसतं. बकरी ईदची सकाळ आहे, खाडीकडचं दार उघडं आहे, चुलीचा धूर माडाच्या झावळ्यांत अडकून बसलाय. मागच्या पडवीत बाबा आणि चाचा वाटे करतायत, आणि सगळ्यांत आधी कलेजी तुझ्या हातात आली आहे, कारण कलेजीला थांबायचं माहीत नसतं असं तुझं म्हणणं. आलं, लसूण, भरपूर मिरी, आणि लोखंडी तवा इतका तापलेला की तुकडे पडले की घरभर आवाज होतो. चाची पाटावर बसलीय, तिला सातवा महिना आहे, आणि तिच्यापुढे तांदळाची भाकरी वाढून ठेवली आहे. आपल्या घराचा कायदा होता तो. ईदची पहिली कलेजी घरातल्या पोटुशीला, मग म्हाताऱ्यांना, मग बाप्यांना, आणि आम्हा पोरांना शेवटी, उरली तर. मी आठ-नऊ वर्षांची, वासाने वेडी झालेली. तू पाठ वळवलीस आणि मी तव्यात हात घातला. बोट भाजलं ते वेगळंच, वर उलथनं मनगटावर बसलं. 'हावरी कुठली. दोन जिवांचीच्या आधी हात घालतेस?' मी रडायला लागले तेव्हा चाची म्हणाली, दे गो तिला एक. तू दिलं नाहीस. डोळे पुसलेस मात्र माझे, पदराने, आणि म्हणालीस, 'तुझ्या वेळेला खा पोटभर. तेव्हा कोन हात धरनार नाय तुझा.'

बाकीचं मांस तू त्या दिवशी शिजवायचीच नाहीस. पातळ फडक्यात बांधून पडवीत वाऱ्याला टांगून ठेवायचीस. आम्ही भुकेने कावलेले, आणि तू सांगायचीस, 'जनावर भ्यालेलं असतं. भीती उतरू दे रातभर, मग मऊ येईल.' कॉलेजात मला कळलं की यात भीतीचा फारसा संबंध नाही. कापल्यावर काही तासांत मांस आखडतं, दगडासारखं होतं, आणि मग त्याच्या आतलीच काही द्रव्यं हळूहळू त्याचे धागे तोडत जातात. रात्रभरात थोडं, थंडीत दोन आठवडे टांगलं तर पुष्कळ. याला आम्ही मुरवणं म्हणतो. तेव्हा मी तुझ्यावर हसले होते, वसतिगृहात, मैत्रिणींसमोर. पण सवय अशी की आजही आमच्या कोल्डरूममध्ये शिरले आणि ओळीने टांगलेली धडं दिसली की पहिला विचार तोच येतो, यांची उतरली असेल का.

आमचा फार्म सोहारच्या बाहेर, डोंगरांच्या बाजूला आहे. पत्र्याच्या सावल्या, पाण्याचे फवारे आणि जहाजातून आलेले बैल. ते येतात तेच थकलेले, वयाने जून, आणि वरून इथलं ऊन. मांस चामट होणारच. माझ्या आधीच्या माणसाने त्यांना अंगावर मांस चढवणारी एक पूड सुरू केली होती. तिने वजन वाढतं, पण मांस आणखी चिवट होतं. ती मी आल्या आल्या बंद करायला लावली. मग अर्बाबना, म्हणजे आमच्या मालकांना, सांगितलं की धडं दोन आठवडे थंडीत मुरवा, काही घालायची गरज नाही. अर्बाब भला माणूस. स्वतःच्या घरी ते ईदला मसाला लावलेलं मांस पानांत बांधून जमिनीतल्या भट्टीत पुरतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढतात, ते बोटाने तुटतं. पण गिऱ्हाइकाचं तसं नसतं. मला म्हणाले, 'डॉक्टर, दो हफ्ता फ्रिज में? वो तो बासी हो गया. मेरा कस्टमर आज का गोश्त आज माँगता. यल्ला, कुछ और करो.'

मग मी ते केलं जे इतर देशांत करून बघितलेलं होतं. कापायच्या आधीचा आठवडाभर बैलांना दाण्यातून व्हिटॅमिन डी द्यायचं, खूप मोठ्या मात्रेत. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढतं, आणि धागे तोडणारी ती द्रव्यं कॅल्शियमवरच चालतात, त्यामुळे मांस लवकर मऊ होतं. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. एक, जास्त कॅल्शियमने बैल मलूल होतात, चारा सोडतात. दुसरी, ते व्हिटॅमिन कलेजीत आणि मूत्रपिंडात साठून राहतं. म्हणून मी नियम केला की या गटातल्या बैलांच्या कलेज्या विकायच्या नाहीत, खड्ड्यात पुरायच्या. आणि ओळखू यावेत म्हणून प्रत्येकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर निळ्या रंगाचा पट्टा मारला. कानात बिल्ले होतेच, पण बिल्ल्यांचे आकडे मी वाचते, गोठ्यातली माणसं रंग बघतात.

तेव्हा मला पाचवा महिना होता. आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे या वेळी डॉक्टरीणबाईंनी तंबीच दिली होती की ईदपर्यंत घरी बसायचं. कत्तलखान्यात ईदची गर्दी, म्हणून माझा निळा गटही ईदनंतरच जायचा होता. मी निर्धास्त होते. आमच्या इमारतीत खाली एक खाला राहतात, श्रीवर्धनकडच्या, मला मावशीसारख्या, आणि त्यांचे यजमान आमच्याच फार्मवर मुकादम आहेत. त्यांना मी चाचा म्हणते. दर ईदला अर्बाब फार्मवरच्या आपल्या लोकांना एक बैल कुर्बानीला देतात, आणि तो निवडायचं काम चाचांचं. ईदच्या दुपारी, नवरा मित्रांकडे गेला असताना, खाला झाकलेला डबा घेऊन वर आल्या. 'आमच्या वाट्याची सगली कलेजी तुलाच आनलीय. आमच्यात पोटुशी तू एकटीच. माज्या सासूचा कायदा हाय.' अम्मा, मी डबा उघडला आणि मिरीचा वास आला. सोहारच्या तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या घरघरीत, तू उभी होतीस. मी खुर्चीवर न बसता खाली फरशीवर बसले, मांडी घालून, पोट सांभाळत, आणि खाल्लं. रडले थोडी. कलेजी इतकी मऊ होती की चावायला लागलीच नाही, आणि माझ्यासारख्या बाईला, जिचं कामच ते, त्याचं नवल वाटू नये याचं आता मलाच नवल वाटतं.

संध्याकाळी चाचा ईद मुबारक करायला आले. माझा नवरा इथल्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात टेक्निशियन आहे, त्याची सुट्टी होती, चहा झाला, शेवया झाल्या. चाचा खुशीत होते. म्हणाले, 'काय गरीब जनावर होतं सांगू. बाकीचे दोर तोडत होते, ह्यो मान खाली घालून उभा. चाऱ्याकडं पन बघत नव्हता. मी बोललो, ह्याला समजलंय, ह्योच घ्यायचा.'

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. चाऱ्याकडे बघत नव्हता. मी विचारलं, 'चाचा, पुठ्ठ्यावर निळा पट्टा होता का?'

'पट्टा? नाय बा. काल सगल्यांना आंघोल घातली ना, कुर्बानीचं जनावर म्हनून. साबनाच्या दोन बादल्या ओतल्या, आरशासारखे केले.'

'सगळ्यांना म्हणजे? माझ्या कोपऱ्यातल्यांना पण?'

'ते पन उभे होतेच की बाजूला. म्हटलं ईद सगल्यांची.'

कुठल्याही कंपनीत रंग उन्हाने जाईल, पावसाने जाईल. आपल्या माणसांनी तो सवाबासाठी, पुण्य म्हणून, प्रेमाने घासून काढला. मी नवऱ्याला तिथल्या तिथे गाडी काढायला लावली. फार्मवर पोचलो तेव्हा अजून उजेड होता. माझ्या कोपऱ्यात एक बैल कमी होता. बाकीचे स्वच्छ, चकचकीत, मान खाली घालून उभे होते, आणि त्यांच्या पुढ्यात चारा तसाच पडला होता. मी कानांतले बिल्ले पुन्हा मोजले. नवरा म्हणाला, 'काय झालं ते मला नीट सांग.' मी सांगितलं. तो म्हणाला, 'इन्शाल्ला काही होणार नाही,' आणि त्याचा आवाज असा आला की मला आणखीच भीती वाटली.

मी काहीही लपवलं नाही. चाचांना, खालांना त्याच दिवशी सांगितलं, अर्बाबना फोन केला. खालांनी तोंडावर पदर घेतला आणि रडत बसल्या. 'मी माज्या हातानं घातलं तुला.' बैलाच्या मांसात तसं फारसं काही नव्हतं, भ्यायचं होतं ते कलेजीचं. ती बाकीच्यांत एकेक तुकडा वाटून गेली होती, पण चाचांचा सगळा वाटा माझ्याकडेच आला होता. दुसऱ्या सकाळी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई केरळच्या, तोडकं हिंदी बोलतात, पण समजूतदार. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'कितना खाया?' मी म्हटलं, 'दो-तीन टुकडे.' त्यांनी रक्त घेतलं, कॅल्शियम तपासलं, पोटावर यंत्र ठेवून मला ठोके ऐकवले. मग म्हणाल्या, 'देखो, दो-तीन टुकडे से कुछ नहीं होता. कैल्शियम नॉर्मल है. और वैसे भी प्रेग्नन्सी में लिवर मत खाओ, उसमें विटामिन ए भी बहुत होता है.' म्हणजे बघ अम्मा, तुझा कायदा साध्या बैलाच्या बाबतीतही चुकीचाच निघाला. मला त्या क्षणी तुझा राग आला. इतका की मी घरी येऊन तुझा तो एकुलता एक फोटो कपाटात उलटा करून ठेवला.

नवरा त्या 'दो-तीन टुकडे'वर विसावला. माणसं विचारायची तेव्हा तो हसून सांगायचा, हिने तीन तुकडे खाल्ले आणि तीस पुस्तकं वाचली. मला मात्र भीतीने घेरलं. मी हिशेब करून बघायची, तर कागदावर काही निघायचं नाही. पण त्या बैलाच्या कलेजीत नेमकं किती होतं हे कोणी मोजलेलं नव्हतं, मोजायला कलेजीच उरली नव्हती. जास्त डी आईच्या रक्तातून बाळाकडे जातं हे मला माहीत होतं. बाळाचं हृदय, हाडं, आणि सगळ्यांत जास्त मला घोर लागला होता तो टाळूचा. जन्मतः मऊ असायची ती जागा वेळेआधी कठीण होऊन मिटली तर? बाळ पोटात हललं की मी भ्यायची, नाही हललं की त्याहून भ्यायची. ऑफिसात बसले असताना हात आपोआप पोटावर जायचा आणि मी मनात तेच म्हणत बसायची, घट्ट होऊ नकोस, मऊ राहा. आयुष्यभर मांसाला जे सांगत आले तेच पोटच्या जिवाला सांगत होते.

त्याच दिवसांत निळ्या गटाचा निकाल आला. मांसाचा तुकडा कापायला पात्याला किती जोर लागतो ते मोजायचं यंत्र आमच्याकडे आहे. पहिल्या काही दिवसांत डी घातलेल्या बैलांचं मांस खरंच मऊ होतं. पण दोन आठवडे टांगून ठेवलेली दोन्ही धडं, डी घातलेल्याचं आणि न घातलेल्याचं, यंत्राला सारखीच लागली. थंडीत नुसतं थांबण्याने जे झालं असतं तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप होता. मी अर्बाबना सांगितलं, हे बंद, यापुढे मी नाही करणार. त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं, नजर खाली घातली आणि म्हणाले, 'खलास, डॉक्टर. खलास.' आता आम्ही मुरवतो. दुकानात त्यांनी 'स्पेशल' अशी पाटी लावली आहे, आणि जे गिऱ्हाईक बासी म्हणणार होतं तेच आता जास्त भाव देऊन नेतं.

मुलगी फेब्रुवारीत झाली. दवाखान्यात तिला माझ्या हातात दिलं तेव्हा सगळ्या आया बोटं मोजतात, मी ती मोजली नाहीत. मी हात उचलला आणि तिच्या डोक्यापर्यंत न्यायला मला धीर होईना. खाला शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझं बोट धरलं आणि टेकवलं. मऊ होतं, अम्मा. खाली काहीतरी थाडथाड उडत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सब ठीक है, हार्ट भी ठीक है. खालांनी घरी आल्यावर खोबरेल कोमट करून टाळू भरली, जशी तू चाचीच्या पोराची भरायचीस, आणि मी दर आठवड्याला बोटाने मापत राहिले, ती जागा लहान होतेय की नाही, फार लवकर तर नाही. ती तिच्या वेळेलाच भरली. त्या दिवशी मी तुझा फोटो सुलटा केला.

आता ती इथल्या इंडियन स्कूलला जाते, मैत्रिणींशी फाडफाड इंग्रजी बोलते आणि माझ्याशी अडखळत मराठी. केस विंचरताना आजही माझं बोट भांगातून मागे जाऊन तिथे थांबतं. ती म्हणते, 'मम्मा, तू रोज तिथे काय शोधतेस?' मी म्हणते, उवा. गेल्या ईदला खालांनी साध्या, बाजारच्या बैलाची कलेजी पाठवली, आणि कोणी बघत नाहीसं पाहून पोरीने डब्यात हात घातला. माझा हात वर गेला होता. मनगट तेवढंच, चोरी तीच. मी हात खाली घेतला आणि तिला एक तुकडा दिला. तिने तो खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाली, 'अजून देशील? पोट नाही झालं फुल.'

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. तुझ्या कबरीवर करवंदीची जाळी पसरलीय असं भाऊ सांगतो. तिथे तोच वर्षातून एकदा कोयता घेऊन जातो, पोस्टमन कशाला जाईल. तेव्हा हे इथेच राहील. पण राहण्याआधी एक गोष्ट, जी मी ना नवऱ्याला सांगितली, ना खालांना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा नवरा शेजारी बसला होता, आणि मला लाज वाटली. दो-तीन टुकडे म्हटलं, उरलेली टाकून दिली असं घरी सांगितलं, आणि मग सगळ्यांचा धीर त्या दोन-तीन तुकड्यांवरच उभा राहिला, माझा तेवढा राहिला नाही. डबा मोठा होता, अम्मा, आणि काठोकाठ भरलेला होता. मी तो सगळा संपवला. शेवटचा मसाला भाकरीने पुसून खाल्ला. तू म्हणाली होतीस ना, तुझ्या वेळेला खा पोटभर. मी पोटभर खाल्लं.